मुलांच्या बेसबॉलचं साठ फुटी मैदान

बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या खेळाडूला शॉर्टस्टॉप म्हणतात. दहा-अकरा वर्षांच्या शॉर्टस्टॉपला कोचने पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतलेली असते : जमिनीलगत चेंडू आला की गुडघे वाकव, हातमोजा मातीला टेकव, नजर चेंडूवर ठेव, तोंड फिरवू नकोस. मूल विश्वासाने तसं करतं. अशा वेळी चेंडू एखाद्या खळग्यात पडून किंवा गवताच्या काठावर साचलेल्या मातीला लागून उसळला, तर तो थेट ओठावर नाहीतर डोळ्यावर बसतो. सांगितल्याप्रमाणे खेळणाऱ्यालाच मार लागतो, आणि त्यानंतर कितीतरी दिवस चेंडू समोर आला की त्याची मान आपसूक वळते. म्हणून मुलांच्या मैदानाची निगा हे काम वरवरच्या सजावटीचं नाही. खिलाडूवृत्ती शिकवायची तर सुरुवात या मातीपासूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलची सर्वांत परिचित संस्था म्हणजे लिटल लीग. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये 1939 साली कार्ल स्टॉट्झ यांनी ती सुरू केली. तिची जागतिक स्पर्धा आजही दर ऑगस्टमध्ये शेजारच्या साउथ विल्यम्सपोर्टमध्ये भरते. गावोगावच्या शाखा मात्र पालकच चालवतात, तेही बिनपगारी. नगरपालिका फार तर गवत कापून देते. माती, पाणी, रेघा, बेस हे सगळं पालकांच्या अंगावर असतं. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतली मुलंही या खेळात असतात, आणि वसंत ऋतूच्या तोंडावर त्या घरांना निरोप येतो : शनिवारी सकाळी फावडं आणि दंताळं घेऊन मैदानावर या. क्रिकेटवर वाढलेल्या आईबाबांना त्या सकाळी काय चाललंय आणि का, हे समजलं तर हातातल्या दंताळ्याचा उपयोग होतो.

आधी मापं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत 60 फूट, आणि पिचर ज्या रबरी पट्टीवर पाय ठेवून चेंडू टाकतो तिथपासून बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंत 46 फूट. क्रिकेटमध्ये स्टंपपासून स्टंपपर्यंत 66 फूट असतात, यावरून इथे सगळं किती जवळ घडतं ते लक्षात यावं. पिचरचा उंचवटा, म्हणजे माउंड, प्लेटच्या पातळीपेक्षा 6 इंच वर असतो. मोठ्यांच्या मैदानात तो 10 इंच असतो. बेसचा चौकोन काटकोनात बसलाय का हे पाहायला होम प्लेटच्या मागच्या टोकापासून सेकंड बेसच्या मध्यापर्यंत फीत धरतात. ते अंतर 84 फूट 10 इंच आणि वर थोडं भरलं की आखणी जमली.

खरं काम मातीत आहे. चार बेसच्या अवतीभवतीच्या भागाला इनफील्ड म्हणतात. तिथली माती ट्रकभर आणून ओतली की झालं, असं नसतं. ते वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं मोजून केलेलं मिश्रण असतं. साधारण 60 ते 70 टक्के वाळू आणि उरलेल्यात चिकणमाती पोयट्याइतकी किंवा त्याहून थोडी जास्त, असं प्रमाण चांगलं मानतात. वाळूमुळे पाण्याचा निचरा होतो आणि जमीन दगडासारखी होत नाही. चिकणमाती ओल धरते आणि सगळं बांधून ठेवते. पोयट्याचं प्रमाण चुकलं की सर्वांत जास्त त्रास होतो : उन्हात धूळ उडते, पावसात राड होते. वाळू जास्त झाली तर धावताना पाय घसरतो. चिकणमाती जास्त झाली तर उन्हाने भेगा पडतात आणि पावसाचं पाणी दोन दिवस हटत नाही. आपल्या मैदानात काय आहे ते घरीच अंदाजाने पाहता येतं. काचेच्या उभ्या बरणीत मूठ-दोन मूठ माती आणि भरपूर पाणी घालून जोरात हलवायचं आणि बरणी ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पाहिली की नवी माती मागवताना काय मागायचं ते कळतं.

या मिश्रणावर भट्टीत भाजलेल्या चिकणमातीचे बारीक तांबूस खडे पातळ थरात पसरतात. ते पाणी शोषून घेतात, ओल हळूहळू सोडतात आणि घसरत बेस गाठणाऱ्या मुलाचं ढोपर सोलवटू देत नाहीत. पण हा थर मूळ माती सुधारत नाही. खाली पोयटाच पोयटा असेल तर वर कितीही गोण्या ओतल्या तरी चिखल व्हायचा तो होतोच. गोण्यांवर होणारा खर्च पाहून मला नेहमी वाटतं, एकदा माती तपासून घेतली असती तर त्यातले निम्मे पैसे मुलांच्या हेल्मेटला उरले असते.

पाण्याकडे नवख्या पालकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. कोरड्या मातीवर दंताळं चालवलं की वरचा थर भुकटी होऊन वाऱ्यावर जातो आणि खालची जमीन तशीच टणक राहते. आदल्या संध्याकाळी खोलवर जाईल असं पाणी मारावं आणि सामन्याआधी वरून हलकी फवारणी करावी. ओल बरोबर आहे का हे ओळखायला मोटारीची किल्ली पुरते. ती मातीत खुपसावी : दाब दिल्यावर सहज आत गेली आणि काढल्यावर स्वच्छ बाहेर आली, तर मैदान तयार आहे. आत शिरलीच नाही तर आणखी पाणी हवं. माती चिकटून आली तर थांबायला हवं.

सामन्यानंतर माती सपाट करण्यासाठी लोखंडी जाळी ओढतात. हे काम सोपं दिसतं, आणि मैदानाचं सर्वांत जास्त नुकसान त्यातच होतं. घाईत जाळी ओढली की माती वळणावर बाहेर फेकली जाते, आणि दर वेळी एकाच जागी जाळी उचलली की तिथे ढीग साचतो. त्यातून गवताच्या काठावर हळूहळू एक वरंबा तयार होतो. अमेरिकेत त्याला ‘लिप’, म्हणजे ओठ, म्हणतात. लांबून तो दिसत नाही. हात फिरवला की कळतं : गवताच्या मुळांत बारीक माती अडकलेली असते, पावसाने ती घट्ट बसलेली असते, त्यावर पुन्हा गवत वाढलेलं असतं, आणि काठ बोटभर वर आलेला असतो. चेंडू इथेच लागून उसळतो, आणि इनफील्डवरचं पाणी बाहेर वाहून जायचं ते इथेच अडतं.

उपाय साधा आहे, पण तो दर वेळी करावा लागतो. जाळी चालण्याच्या वेगाने ओढावी, काठापासून फूटभर आत थांबवावी, दिशा रोज बदलावी, आणि उचलताना खालची माती हाताने पसरावी. काठाची उरलेली पट्टी दंताळ्याने काठाला समांतर ओढावी, गवताकडे ढकलू नये. बेसच्या मधल्या वाटांवरही दंताळं लांबीच्या दिशेनेच चालवावं. आठवड्यातून एकदा कडक झाडूने किंवा पाण्याच्या जोरदार धारेने गवतात अडकलेली माती परत इनफील्डमध्ये आणावी. वरंबा फारच वाढला असेल तर काठाची हिरळ कापून, खालची माती काढून, ती पुन्हा बसवावी लागते, आणि त्यात एक अख्खा दिवस जातो.

माउंड आणि होम प्लेटजवळची बॅटरची जागा इथे पाय नेमका त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा पडतो, म्हणून तिथे चिकणमाती जास्त असलेली वेगळी माती वापरतात. तिची डागडुजी शिकण्यासारखी आहे. खड्ड्यातली सैल माती झाडून पूर्ण काढायची. तळ ओला करायचा, पण पाणी साचू द्यायचं नाही. नवी चिकणमाती थोडी थोडी घालून धुमसाने चोपायची, वरून पुन्हा थोडं पाणी, मग कोरडे खडे, आणि शेवटी ताडपत्री. सैल माती न काढता वर नवी माती टाकली तर ती दुसऱ्याच इनिंगमध्ये ढेकळांनी सुटते. पिचरचा पुढचा पाय पडतो तिथे खड्डा राहिला तर मुलाचा तोल जातो, चेंडू भरकटतो, आणि समोरच्या बॅटरच्या बरगडीत बसू शकतो.

पाऊस पडून गेल्यावर उत्साही पालक खराट्याने डबकी गवतात लोटतात. तसं कधी करू नये. पाण्याबरोबर सगळ्यात बारीक, सगळ्यात मोलाची माती जाते, खळगा आणखी खोल होतो, आणि तोच वरंबा पुन्हा वाढतो. हातपंपाने किंवा स्पंजने पाणी उचलावं, कडेने थोडे खडे टाकावेत, आणि वाट पाहावी. चालल्यावर बुटाचा ठसा खोल उमटत असेल तर सामना पुढे ढकलावा, समोर कितीही गाड्या भरून पाहुणा संघ आलेला असो.

रेघा आखायला दोरी ताणतात आणि चाकाच्या यंत्रातून पांढरी पूड सोडतात. आपल्या शाळेच्या मैदानावर कबड्डी-खोखोसाठी फक्की मारतात, तसंच. फक्की चुनखडीच्या भुकटीचीच असावी. विरलेला चुना वापरू नये, तो डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, आणि मुलं त्यावर लोळण घेत असतात. गवताबद्दल इतकंच : एका कापणीत पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये.

सामना संपला की दोन्ही संघ ओळीने समोरासमोर येतात आणि हातावर हात मारत पुढे सरकतात. ते छान असतं, पण पाच मिनिटांत उरकतं. मला त्यानंतरची पंधरा मिनिटं जास्त मोलाची वाटतात. चांगले कोच मुलांना लगेच घरी सोडत नाहीत. तालमीत पोरं स्वतः हौद उकरतात, तशी इथली मुलं बेस उचलतात, आपल्या जागेचे खड्डे दंताळ्याने भरतात, डगआउटमधल्या, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतल्या, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं झाडतात. हे सगळं नंतर खेळणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यांची नावंही यांना ठाऊक नसतात. ज्याने तीन वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न मारता आल्याने बाद, होऊन रडं दाबलेलं असतं, त्याच्या हातात माउंडचं धुमस दिलं की तो हळूहळू निवळतो, हे मी पाहिलं आहे.

लिटल लीगने बऱ्याच गोष्टी लोकांच्या चांगुलपणावर न सोडता नियमांत घातल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. 2007पासून पिचरने टाकायच्या चेंडूंवर मर्यादा आहे : 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85, 9-10 वर्षांच्या मुलाला 75. 66 किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती. कोवळा खांदा कोचच्या जिंकण्याच्या हौसेपायी जाऊ नये, हा हेतू. हंगामातल्या नेहमीच्या सामन्यांत प्रत्येक मुलाला खेळवावंच लागतं, निदान सहा आउट होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि एकदा तरी बॅटिंग. धावांचा फरक फार वाढला तर सामना लवकर संपवतात, म्हणजे हरणाऱ्यांची धूळधाण करत बसण्याची वेळ येत नाही.

काही गोष्टी नियमाने येत नाहीत. ऑगस्ट 2022मध्ये टेक्सासातल्या वेको इथे विभागीय अंतिम सामना चालू होता. टेक्सासातल्याच पेअरलँडच्या पिचरचा चेंडू ओक्लाहोमाच्या बॅटरच्या हेल्मेटवर आदळला. बॅटर कोसळला, मग सावरून फर्स्ट बेसवर गेला. तिथून त्याने पाहिलं की चेंडू टाकणारा मुलगाच रडतोय. तो हेल्मेट बाजूला ठेवून माउंडवर गेला, त्याला मिठी मारली आणि तू छान टाकतोयस असं सांगितलं. पेअरलँडने तो सामना जिंकला. चेंडू लागला तर तो मुद्दाम मारलेला नाही असं धरून चालायचं, हे त्या मुलाला कुणीतरी आधी दाखवलेलं असणार. घरातले कुंपणाबाहेरून काय ओरडतात, यावर ते पुष्कळ अवलंबून असतं.

कारण खरी अडचण बऱ्याचदा मुलांची नसून कुंपणाबाहेरच्या मोठ्यांची असते. लहान गटांच्या सामन्यांत अंपायर कधी पंधरा-सोळा वर्षांचा असतो, कधी कुणाचा तरी बाबा. जागतिक स्पर्धेतले अंपायरसुद्धा मानधन घेत नाहीत. निर्णय पटला नाही तर विचारायचा अधिकार फक्त कोचला, तोही खेळ थांबल्यावर, नियमाबद्दल. चेंडू स्ट्राइक होता की नव्हता यावर वाद नाही. पालकांनी आपल्या मुलाला बॅट कशी धर हे बाहेरून ओरडून सांगू नये, आणि समोरच्या पिचरचा चेंडू भरकटला तर टाळ्या वाजवू नयेत. आपल्या मुलाला मराठीतून सूचना दिल्या म्हणून त्या सूचना ठरत नाहीत असं नाही, त्याही नकोत.

2023मध्ये न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डच्या लिटल लीगने यावर नियमच केला. अंपायरशी असभ्य वागून बाहेर काढलेल्या प्रेक्षकाला परत यायचं असेल, तर आधी तीन सामन्यांत स्वतः अंपायर म्हणून उभं राहावं लागेल, नाहीतर वर्षभर बंदी. शिक्षा होण्याची वाट न पाहताही हे काम करता येतं. अनेक शाखा हंगामाआधी नवख्या पालकांसाठी अंपायरिंगचं शिबिर घेतात : कॅचरच्या मागे कुठे उभं राहायचं, मुखवटा कसा बांधायचा, निर्णय देण्याआधी क्षणभर कसं थांबायचं, सगळं शिकवतात. कधी बेसबॉल खेळलेलं असण्याची अट नसते.