चेटकिणीपासून आबांपर्यंत

माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिने टीव्हीवर ‘झपाटलेला’ पाहिला आणि पुढे महिनाभर ती रात्री दिवा मालवू देईना. तात्या विंचू पलंगाखाली बसला आहे, अशी तिची खात्री होती. मग २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली. तोवर ती सहावीत गेली होती आणि मालिकेतले आबा तिला इतके आवडले, की ‘तुम्ही आबांसारखे का नाही बोलत?’ असं ती स्वतःच्या आजोबांना विचारू लागली. एका रात्री मी सहज म्हणालो, ‘अगं, तो तात्या विंचू म्हणजेच हे आबा.’ तिने आधी मला खोट्यात काढलं. मग उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली आणि आबांच्या चेहऱ्यात विंचू शोधू लागली. तिला तो सापडला नाही. खरं सांगायचं तर मलाही सापडला नाही.

‘झपाटलेला’मधला बाहुला रामदास पाध्यांचा, पण ज्याचा आत्मा त्या बाहुल्यात शिरतो तो गुंड केला होता दिलीप प्रभावळकरांनी. एकच माणूस मुलांची झोप उडवतो आणि त्याच मुलांचा आजोबाही होतो, हे कसं काय जमतं? रंगभूषेचं कौशल्य म्हणून विषय संपवता येतो. पण मी जन्मभर शाळेत मुलांची नाटकं बसवली आहेत. रंगभूषेने चेहरा बदलतो, माणूस बदलत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा, मुंबईचा. शिक्षण विज्ञानाचं, नोकरी औषध कंपनीतली. नाटकाची त्यांची शाळा म्हणजे रत्नाकर मतकरी. मुंबईत १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुलांसाठी ‘मधुमंजिरी’ हे नाटक केलं, ते मतकरींनी लिहिलेलं होतं. पुढे मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. तिच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये प्रभावळकर चेटकीण झाले. आपल्या नागपुरातही ही हौस होतीच. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर आकाशवाणीचे, तसेच मुलांच्या नाटकांचेही. पण बालनाट्य म्हणजे मोठ्या नाटकाची पायरी, ती ओलांडून पुढे जायचं असतं, असाच समज इथे होता. माझाही तोच होता.

श्रोतेहो, मोठा प्रेक्षक भिडस्त असतो. नाटक रटाळ असलं तरी तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून तो बसून राहतो. मुलं असली भीड ठेवत नाहीत. कंटाळली की पाणी मागतात, शू लागली म्हणतात, पुढच्या मुलीची वेणी ओढतात. आणि नट खोटं करतो आहे हे त्यांना फार लवकर कळतं. चेटकीण करायची म्हटलं की पुष्कळ नट किनरा आवाज काढतात, बोटं वेडीवाकडी करतात आणि मधूनच पालकांकडे बघून हळूच हसतात. ‘बघा, मी काही खरा असा नाही हं!’ ते हसले, की मुलांपुरतं नाटक तिथेच संपतं. चेटकिणीला आपली दुष्ट कामं फार महत्त्वाची वाटली पाहिजेत. तिला भूक खरी लागली पाहिजे, राग खरा आला पाहिजे आणि फजिती झाली की मनापासून वाईट वाटलं पाहिजे. असं झालं तरच मूल एकाच वेळी तिला घाबरतं आणि हसतंही. इंग्लंडात नाताळाच्या सुमारास मुलांसाठी ‘पॅन्टोमाइम’ नावाची नाटकं होतात. त्यांत चक्रम म्हातारी हमखास पुरुषच करतो आणि मुलं खालून ओरडून रंगमंचावरच्या लोकांना सावध करतात. आपली मुलं हे कुणी न शिकवता करतात.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती मी फारशी कुणाला सांगत नाही. १९८६ च्या गॅदरिंगला मी एक नाटुकलं बसवलं होतं. त्यातला प्रधान काही केल्या हशा मिळवत नव्हता. तेव्हा तो करणाऱ्या मुलाला मी म्हणालो, ‘तू लंगडत ये.’ युक्ती लागू पडली. प्रधान आला रे आला की सगळा हॉल हसायचा. तिसऱ्या रांगेत सातवीतली एक मुलगी बसली होती, पोलिओमुळे पायाला कॅलिपर असलेली. ती हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तिने मला गाठलं. ‘सर, प्रधान लंगडा काऊन होता?’ मी गोष्ट मनातल्या मनात चाळून पाहिली. कारण कुठेच नव्हतं. ‘अगं, गंमत म्हणून,’ मी म्हणालो. ‘बरं,’ म्हणाली आणि वर्गात गेली. त्या मुलाचा यात काही दोष नव्हता, त्याला मीच शिकवलं होतं.

पाच वर्षांनी, १९९१ साली, ‘चौकट राजा’ आला. संजय सूरकरांचं दिग्दर्शन, सोबत स्मिता तळवलकर, आणि आईच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. लहानपणीच्या अपघातामुळे ज्याच्या मनाची वाढ थांबली आहे, तो नंदू प्रभावळकरांनी केला. थिएटरात मी अंग चोरूनच बसलो होतो, कारण आता लोक कशाला हसणार याचा मला अंदाज होता. लोक हसलेही. पण ते हसू नंदूच्या चालण्याचं किंवा बोलण्याचं नव्हतं. नंदूला एखाद्या क्षुल्लक गोष्टीचा जो आनंद होतो, त्याचं होतं. त्याचं बोलणं वेगळं आहे, मान वेगळी आहे, हात वेगळे आहेत. पण यातलं काहीही तो आपल्याला दाखवायला करत नाही. तो आपला आपल्या उद्योगात असतो. मला व्हरांड्यातली ती मुलगी आठवली.

याच दुखण्याची दुसरी बाजू त्यांनी जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त केली. तिथे ते मतिमंद मुलाचे वडील होते आणि मुलाचं काम अतुल परचुरे यांचं. एकच दुःख आतून आणि बाहेरून असं दोन्हीकडून करून पाहिलेले नट थोडे.

पण लोकांच्या लेखी प्रभावळकर विनोदी नटच राहिले, आणि त्यात वावगं काही नाही. दूरदर्शनवरचा चिं. वि. जोशींचा चिमणराव असो, की ‘हसवाफसवी’. हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं आणि चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलं. त्यात त्यांच्या सहा भूमिका होत्या. दादरला बहिणीकडे गेलो असताना मी ते पाहिलं. पहिली दहा मिनिटं सगळे हाच हिशेब करत असतात, की आत गेला कोण आणि बाहेर आला कोण. मग तो हिशेब सुटतो. दीप्ती लुकतुके येते तेव्हा ‘पुरुषाने बाईचं काम केलं’ हे डोक्यातून निघून जातं, आणि शेवटी कृष्णराव हेरंबकर हे संगीत रंगभूमीवरचे थकलेले नट आले की हसता हसता घसा दाटतो. मी मास्तरकीच्या सवयीने पाहत होतो. प्रत्येकाचा श्वास निराळा होता. कुणी वाक्याआधी श्वास घेत होता, कुणाला वाक्याच्या मध्येच तो पुरत नव्हता. चालीचा वेग श्वासावरून ठरत होता आणि आवाज चालीवरून. दाढी-मिशा त्यानंतरच्या. दोन प्रवेशांच्या मध्ये कपडे बदलायला मिळतो तेवढ्या वेळात हा माणूस श्वासही बदलून येत होता.

गोष्ट सांगणारे प्रभावळकर हा आणखी एक भाग आहे आणि आम्हा रेडिओवाल्यांना त्याचं जास्त अप्रूप. त्यांचा बोक्या सातबंडे आधी आकाशवाणीवरून घराघरांत आला, पुस्तकांत नंतर. पाळण्यातलं नाव चिन्मयानंद, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही! या बोक्याने त्यांना २०११ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळवून दिला. (मतकरींना तो २०१८ साली मिळाला. शिष्य गुरूच्या सात वर्षं आधी!) रेडिओवर दाखवायला काहीच नसतं. दाढी नाही, काठी नाही. सातबंड्यांच्या घरातला प्रत्येक जण नुसत्या बोलण्यातून उभा करावा लागतो. टिपऱ्यांचं घरही असंच शब्दांतून आलं, त्यांच्या ‘अनुदिनी’ या लेखनातून. घरातला प्रत्येक जण आपापली डायरी लिहितो, म्हणजे लेखकाला आजोबाही व्हावं लागतं आणि कॉलेजात जाणारी नातही. आबा टिपरे करायला लागले तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. म्हातारपण त्यांनी आधी लिहिलं आणि मग केलं.

२००२ च्या ‘एन्काउंटर’मधला पुनप्पा हा गुन्हेगार आणि २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, ही दोन नावं शेजारी ठेवली की बाकी यादी वाचायची गरज उरत नाही. गांधीजी आणि ‘शेवरी’तली भूमिका मिळून त्यांना साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये पुन्हा आलं, तेव्हा चेटकीण वैभव मांगले यांनी केली आणि नातवंडांच्या पिढीने गर्दी केली. प्रभावळकर तेव्हाही थांबले नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ हा चित्रपट आला. त्यात कोकणातल्या वयस्क दशावतारी कलावंताची मुख्य भूमिका त्यांनी एक्याऐंशीव्या वर्षी केली.

त्यानंतर महिन्याभराने, दिवाळीच्या सुट्टीत, मी आमच्या वस्तीतल्या मुलांचं एक छोटं शिबिर घेतलं. चेटकीण ज्याच्या वाट्याला आली, तो पाचवीतला मुलगा रुसून बसला. ‘सर, मले राजपुत्र पाहिजे. चेटकीण पोट्टी असते.’ मी त्याला प्रभावळकरांचं सांगितलं. ‘दशावतार’ त्याने आजीबरोबर पाहिला होता. ‘ते आजोबा चेटकीण बी होते काय?’ असं दोनदा विचारून तो उभा राहिला.

तालमीत त्याने पहिल्याच एन्ट्रीला लंगडायला सुरुवात केली. मुलं हसली. मी थांबवलं. ‘हिचा पाय काऊन दुखते?’

त्याने विचार केला. ‘झाडूवरून पडली असंन.’

‘कधी?’

‘सकाळीच.’

‘मग ह्या तीन पायऱ्या कशी चढंन?’

तो पायऱ्यांपाशी गेला. पहिली पायरी चढायला त्याने बराच वेळ घेतला, आणि कुणी हसलं नाही. दुसरीवर कमरेवर हात ठेवून थांबला. तिसरीवर पोचल्यावर, आपल्याला धडपडताना कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्याने हळूच मागे वळून बघितलं, आणि खाली बसलेली सगळी पोरं एकदम ओरडली, ‘आम्ही पाह्यलं! आम्ही पाह्यलं!’