सहीपूर्वीचा सल्ला

काजू गोव्यात आला तोच मुळी समुद्रमार्गे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड येथील डोंगरउतारांवर असे रुजले की, ते कधी काळी परके होते याचा आपणांस विसर पडला. आज मात्र येथील अनेक कारखान्यांना गावठी बी वर्षभर पुरत नाही. आफ्रिकेतून कच्ची बी आणावी लागते. बी फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या स्त्रियांची रोजी ज्या मालावर अवलंबून असते, त्या मालाच्या जहाजी बिल्टीच्या पाठीवर बारीक अक्षरांत काय छापले आहे, हे मात्र सहसा कोणी वाचत नाही.

हे दुर्लक्ष किती महागात पडते, याचा दाखला केरळात पूर्वीच मिळाला आहे. क्विलॉनच्या शण्मुखविलास कॅश्यू इंडस्ट्रीजने पूर्व आफ्रिकेतून काजू बी मागविली. कोचीनला माल उतरला तेव्हा पोती कमी भरली. कारखान्याने तेथीलच न्यायालयात ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीवर दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९९० साली निकाल लागला तो असा: वाद इंग्लंडच्या न्यायालयात चालवावा अशी अट बिल्टीवर असल्याने कोचीनच्या न्यायालयास अधिकारच नाही! १९२५ चा समुद्री मालवाहतूक कायदाही मदतीस आला नाही; कारण तो भारतीय बंदरांतून निघणाऱ्या मालापुरता होता.

त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ साली नवा कायदा मंजूर केला. परंतु त्याचाही रोख मुख्यतः येथून निघणाऱ्या मालावरच आहे. बाहेरून माल आणणाऱ्याचे भवितव्य आजही बहुतांशी बिल्टीवरील अटींवरच ठरते. गंमत अशी की, ही बिल्टी बनते परदेशातील विक्रेता आणि जहाज कंपनी यांच्यात. ती बँकेमार्फत आपल्या हाती येते आणि तिच्यातील अटी मात्र आपल्यालाही बांधतात.

यात सर्वांत घातक असते ती मुदत. सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार माल ताब्यात आल्यापासून एका वर्षात दावा न लावल्यास जहाज कंपनी जबाबदारीतून मुक्त होते. नुकसान वरवर दिसणारे नसेल, तर तीन दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते. आपला व्यापारी पोती ओली निघाली तरी पावतीवर शेरा न मारता सही करतो आणि मग वर्षभर कागदी घोडे नाचवीत राहतो. गोड उत्तरे येत राहतात. वर्ष सरते आणि हक्कही सरतो.

विम्याचेही तेच. विक्रेत्याने विम्यासह दर दिला म्हणजे आपण निश्चिंत होतो. पण अशा व्यवहारात, वेगळे ठरविले नसेल तर, विक्रेत्याने किमान संरक्षणाचा विमा उतरविला तरी चालते. आणि त्या किमान संरक्षणात मालात खारे पाणी शिरल्याचे नुकसान सामान्यतः बसत नाही. कोणता विमा हवा, वजन कोठे करावयाचे, वाद कोठे सोडवावयाचा, हे सौद्याच्या करारातच लिहून घेतले पाहिजे. म्हणजेच वकिलाची खरी गरज माल बुडाल्यावर नव्हे, सही करण्यापूर्वी असते.

मोठ्या उद्योगांना हा सल्ला परवडतो. लहान कारखानदाराला समुद्री कायद्याचा जाणकार वकील एकट्याने परवडणारा नाही. येथे व्यापारी संघटनांनी पुढे यावयास हवे. गोव्यातील व्यापाऱ्यांच्या संघटनेची परंपरा १९०८ पर्यंत मागे जाते. अशा संघटनांनी जाणकार वकिलांचे एक मंडळ नेमून सभासदांचे करार माफक शुल्कात तपासून द्यावेत आणि वर्षाच्या मुदतीची आठवण वेळेवर करून द्यावी. त्यास लागणारा खर्च एका बुडालेल्या खेपेपेक्षा खचितच कमी असेल.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी ती सोडली पाहिजे. कारण समुद्राचे पाणी कितीही असले, तरी त्याने तहान भागत नाही.