उष्णता आणि बांबूची तुळई

बांबू हे वस्तुतः गवत होय. त्याच्या कामट्या काढून, तासून, राळेच्या योगाने दाबाखाली चिकटविल्या म्हणजे त्यांच्या तुळया, खांब व फळ्या तयार होतात. बंगळूर विमानतळाच्या २०२२ साली उद्घाटन झालेल्या दुसऱ्या इमारतीत अशा बांबूने छत शोभिवंत केले आहे. परंतु शोभेचा बांबू निराळा आणि भार पेलणारा निराळा. आग लागल्यास बांबूची तुळई कितपत टिकाव धरील?

बांबूचे बळ सेल्युलोजच्या लांब तंतूंत असते. लिग्निन नावाचे द्रव्य त्या तंतूंना बांधून ठेवते. उष्णतामान वाढू लागले की लिग्निन मऊ पडते आणि बंध ढिले झालेले तंतू दाबाखाली वाकतात. म्हणून ताणापेक्षा दाब सोसण्याची शक्ती लवकर घटते. सुमारे १०० अंश सेल्सिअसला आतील पाण्याची वाफ होते. २०० अंशांपुढे घटकद्रव्यांचे विघटन वाढते. ३०० अंशांच्या आसपास कोळसा होऊ लागतो. उष्णतेने मऊ होणारी राळ वापरली असल्यास थर त्याआधीच सुटू लागतात.

तात्पर्य, ज्वाळा दिसण्यापूर्वीच बळ घटू लागलेले असते. मात्र पृष्ठभागावरील कोळसा उष्णतेचा मंदवाहक असल्याने गाभ्याचे काही काळ रक्षण करतो. कोळशालगतचा थर शाबूत दिसला तरी दुबळा झालेला असतो. त्यावर भिस्त ठेवता येत नाही. यास्तव तुळई आवश्यकतेहून जाड योजावी लागते. उरलेल्या गाभ्याने भार पेलला, तरच माणसांना सुखरूप बाहेर पडण्यास अवधी मिळतो.