बॉनेट विणून मिळेल!

गाडीचं बॉनेट कापडाचं असतं असं म्हणालात, तर गॅरेजवाला आधी तुम्हाला चहा पाजेल आणि मग घरी सोडून येईल. पण कार्बन फायबरचं बॉनेट खरोखरच कापडाचं असतं. ताणा, बाणा, वीण, सगळं रीतसर. त्यातला एकेक तंतू साधारण 7 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जवळपास दहावा हिस्सा. असे 3,000 तंतू एकत्र आले की तो पेड '3के', आणि 12,000 असले की '12के'. शौकिनांच्या बॉनेटवर जी तिरकी नक्षी उन्हात चमकते ती ट्विल वीण. जीनच्या पँटीचीही वीण याच घराण्यातली.

धागाही अगदी परका नाही. थंडीत आपण घालतो तो ॲक्रिलिकचा स्वेटर आणि हा कार्बन, दोघांचं मूळ रसायन एकच: पॉलिॲक्रिलोनायट्राइल. तो धागा आधी हवेत 200 ते 300 अंशांवर भाजतात. मग प्राणवायूचा वाराही न लागू देता हजार अंशांच्या वर तापवतात. कार्बन सोडून बाकीची बहुतेक मंडळी वायू होऊन निघून जातात, वजन निम्म्यावर येतं, आणि हाती उरतो तो काळा, ताठ, महाग धागा. महाग का, हे वेगळं सांगायला नको. निम्मा माल उडून जातो, भट्टीचं बिल मात्र पूर्ण येतं.

या कापडात राळ, म्हणजे रेझिन, मुरवून ते साच्यात घट्ट केलं की झाला कार्बनचा पत्रा. त्याची घनता 1.6 च्या आसपास. ॲल्युमिनियमची 2.7, पोलादाची 7.8. सगळा खेळ या तीन आकड्यांचा.

दिव्यातून गाडीत

1879 मध्ये एडिसनने बल्बसाठी सुती दोरा जाळून कार्बनची तार केली. पुढे त्याला जपानमधला, क्योटोजवळचा बांबू जास्त पसंत पडला. म्हणजे कार्बनचा तंतू आधी उजेड पाडायला आला, वेगाचं वेड नंतरचं. 1958 मध्ये अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन या शास्त्रज्ञाला अतिमजबूत ग्राफाइटचे तंतू सापडले. पाठोपाठ ओसाकात अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिकवरून जाणारी वाट दाखवली. गाड्यांपर्यंत पोचण्याआधी या मालाला गिऱ्हाईक मिळालं ते मासे पकडण्याच्या गळाच्या काठ्यांचं आणि गोल्फच्या दांड्यांचं.

रोल्स-रॉइसला पाखरू नडलं

1960 च्या दशकाच्या अखेरीस रोल्स-रॉइसने आरबी-211 या विमान-इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची केली. हलकी, झकास, काळीकुळकुळीत. मग आली उडता पक्षी आदळण्याची चाचणी, आणि पाती फुटली. मुकाट टायटॅनियमकडे वळावं लागलं. इंजिनाचा विकासखर्च आधीच हाताबाहेर गेला होता. फेब्रुवारी 1971 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेतली. आलिशान मोटारींचा धंदा विमान-इंजिनांपासून तुटून वेगळा झाला तो याच पडझडीतून.

मोंझातलं प्रात्यक्षिक

1981. मॅक्लारेनचे डिझायनर जॉन बर्नार्ड यांना फॉर्म्युला वनच्या गाडीचा मधला भाग अरुंद करायचा होता, म्हणजे तळाखालून हवा मनासारखी खेळवता येईल. ॲल्युमिनियम अरुंद केलं की लवायला लागतं. म्हणून ते कार्बनकडे गेले आणि काम मिळालं अमेरिकेच्या युटा राज्यातल्या हर्क्युलिस या कंपनीला, जिचा रोजचा व्यवसाय रॉकेटांचा. एमपी 4/1 ही गाडी तयार झाली. मैदानावरचे जाणते मात्र कुजबुजत होते: हे ठिसूळ आहे, आपटली की भुगा होणार.

त्याच वर्षी जुलैमध्ये मॅक्लारेनचा चालक जॉन वॉटसनने तिच्यात बसून सिल्व्हरस्टोनची शर्यत जिंकली. तरी कुजबूज चालूच. मग सप्टेंबरात इटलीतल्या मोंझाला, लेस्मोच्या वळणावर, वॉटसनची गाडी सुटली आणि कठड्यावर आदळली. इंजिन आणि गिअरबॉक्स उखडून वेगळे झाले. पाहणाऱ्यांच्या काळजात धस्स झालं. आणि वॉटसन? उठला, उतरला, चालत निघून गेला. त्या दिवसापासून ठिसूळपणाची चर्चा जवळपास मिटलीच.

भुगा होतो हे खरंच आहे. मेख अशी की नीट रचना केली असेल तर तो भुगा होता होताच धक्क्याची ऊर्जा खाऊन टाकतो. पोलाद चुरगळून जे करतं, तेच हा चुरा होऊन करतो आणि किलोमागे जास्त करतो.

"फेरारीकडे आहे का भट्टी?"

हा किस्सा माझा विशेष आवडता. अर्जेंटिनाहून आलेला होरासिओ पगानी लॅम्बोर्गिनीत काम करत होता. 1987 च्या काउंटाश इव्होल्युझिओने या प्रयोगगाडीत त्याने कार्बन आणि इतर कंपोझिटची रेलचेल केली. मग त्याने मालकांकडे ऑटोक्लेव्ह मागितला. ऑटोक्लेव्ह म्हणजे आतली हवा अनेक पट दाबून ठेवणारी भट्टी, थेट आपल्या प्रेशर कुकरची थोरली बहीण. राळ मुरवलेलं कापड त्यात शिजलं की बुडबुडे दबतात आणि पत्रा एकजीव होतो. सांगतात ते असं, की मालकांकडून उत्तर आलं, फेरारीकडे नाही, मग आपल्याला कशाला? पगानीने कर्ज काढून स्वतःच भट्टी घेतली. 1991 मध्ये स्वतःची कंपनी काढली, आणि 1999 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात झोंडा उभी करून दाखवली. पगानीच्या गाडीवर वीण मधल्या रेषेवर दोन्ही बाजूंनी अशी जुळवतात की बॉनेटवर माशाचा काटा उमटावा. पैठणीचा पदर जुळवणाऱ्याला ही चिकाटी लगेच कळेल.

गंमत पुढेच आहे. 2010 मध्ये लॅम्बोर्गिनीने जी गाडी पेश केली तिचं नावच कार्बनच्या अणुक्रमांकावरून: सेस्तो एलेमेंतो, सहावं मूलद्रव्य. वजन 999 किलो. तिच्यात विणलेल्या कापडाबरोबर तुकडे केलेला कार्बन साच्यात दाबून केलेले भागही होते. ते संगमरवरासारखे ठिपकेदार दिसतात.

मागावरून आलेली कंपनी पुन्हा मागावर

टोयोटाचा उगम यंत्रमागात. साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग इतका गाजला की 1929 मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. जवळपास आठ दशकांनी आपल्या लेक्सस ब्रँडची एलएफए ही गाडी बनवताना कंपनीने ॲल्युमिनियमचा बेत अर्ध्यावर सोडला, कार्बनला हात घातला आणि गाडीच्या सांगाड्याचे खांब विणायला चक्क गोल माग उभारला. गाड्या काढल्या फक्त 500. इचलकरंजीचा कारखानदार हे वाचून नुसती मान हलवेल.

बीएमडब्ल्यूच्या आय-3 मधल्या धाग्याचा प्रवास तर एखाद्या बदलीवाल्या सरकारी अधिकाऱ्याला लाजवेल असा होता. कच्चा धागा जपानच्या ओताकेत. भाजायला अमेरिकेतल्या मोझेस लेकला, कारण तिथे धरणाची वीज. कापड व्हायला जर्मनीत वाकर्सडॉर्फला. गाडी व्हायला शेवटी लाइपझिगला. जागतिक सहल करून मग रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं!

किलोचा हिशेब

बॉनेट बदललं की गाडी पळू लागते? 2004 च्या कॉर्व्हेट झी-06 च्या खास आवृत्तीत कारखान्यातूनच कार्बनचं बॉनेट आलं. बचत साधारण पावणेपाच किलो. डिकीतली चटई, क्रिकेटचं किट आणि गेल्या पावसाळ्यापासून पडलेली पाण्याची बाटली बाहेर काढा, तेवढं वजन फुकटात कमी होईल.

पण किती किलो, याइतकंच कुठले किलो, हेही महत्त्वाचं. 2003 च्या बीएमडब्ल्यू एम-3 सीएसएलचं छप्पर कार्बनचं होतं. तिथेही वाचले ते थोडकेच किलो, पण ते गाडीच्या माथ्यावरचे. वरचं वजन घटलं की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी कलते. बॉनेट हलकं केलं की नाकाचा भार घटतो. निसानने 2000 मध्ये स्कायलाइन जीटी-आरच्या व्ही-स्पेक टूला कारखान्यातूनच कार्बनचं बॉनेट दिलं. दारातले किलो मात्र मला विचाराल तर तसेच राहू द्यावेत. बाजूने येणारा धक्का अडवायचं काम तिथल्या पोलादी दांड्यांकडे आहे.

रंगालाही वजन असतं बरं का. 2023 मध्ये फॉर्म्युला वनच्या अनेक गाड्या काळ्याच दिसू लागल्या. संघांनी ग्रॅम वाचवायला बऱ्याच भागावर रंगच लावला नव्हता. फेरारीच्या 1987 च्या एफ-40 वरचा लाल रंग तर इतका पातळ की नीट पाहिलं तर खालची वीण दिसते.

हलकं झालं, आता निस्तरा

पोलादाला पोचा पडतो, कार्बनला तडा जातो. आपला डेंटर हातोडी घेऊन येईल आणि तसाच परत जाईल, कारण ठोकून सरळ करण्यासारखं तिथे काही उरत नाही. वरचा लॅकर हलक्या दर्जाचा असेल तर उन्हाने पिवळा पडतो. ॲल्युमिनियमला थेट चिकटवलं आणि ओल लागली तर ॲल्युमिनियमच गंजायला लागतं, म्हणून मध्ये काचतंतूचा थर द्यावा लागतो. कार्बन वीजवाहक असल्याने त्याच्या आडचा अँटेना रुसतो. तासकाम करताना उडणारी धूळ छातीला वाईट आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटांनाही. जड बॉनेटसाठीच्या गॅसच्या दांड्या तशाच ठेवल्या तर हलकं बॉनेट ताडकन उघडतं. शर्यतवाले त्याला पिना मारतात ते निव्वळ रुबाबासाठी नसतं.

इकडे आपल्याकडे आणखी एक पिन: मोटार वाहन कायद्याचं कलम 52. आरसीवरचा तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळायला हवा, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. आरसीवर गाडीच्या रिकाम्या वजनाचाही रकाना असतो. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल तर दाव्याच्या वेळी हमखास आठवतो, त्यांना.

मराठी मुलखाशी नातं शोधायचं तर मुंबईच्या महिंद्रांकडे पाहा. त्यांच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाची बत्तिस्ता ही 1,900 अश्वशक्तीची विजेवरची गाडी. सांगाडा कार्बनचा, अंगावरचे पत्रेही कार्बनचे.

आणि ज्यांना बत्तिस्ता परवडत नाही त्यांच्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. तिथे 'कार्बन' मीटरवर मिळतो. ती असते व्हायनिलची चिकटफिल्म. हेअर ड्रायरने गरम करून ताणून बसवतात. अस्सल म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त बॉनेटांतही वर कार्बनचा एकच थर आणि खाली काचतंतू असतो. मूळ बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर हे नवं कधीकधी जडच भरतं. तेव्हा खरेदीआधी बॉनेट उलटं करून पाहा: आतल्या बाजूलाही वीण आहे का, कडेशी ती ताणून वेडीवाकडी झालीय का. बोटाच्या पेराने टकटक करा. आणि दुकानदाराला सरळ वजनकाटा मागा. काटा आणेपर्यंत भाव थोडा उतरतोच.