बोटॉक्सचे युनिट म्हणजे मिलिलिटर नव्हे

सुरकुत्यांसाठीच्या बोटॉक्सचा डोस युनिटमध्ये मोजतात. युनिट हे औषधाच्या ताकदीचे माप आहे, द्रवाचे नव्हे. कुपीत कोरडी पूड असते. डॉक्टर तिच्यात सलाइन (निर्जंतुक मिठाचे पाणी) घालतात. चमचाभर साखर एका पेल्यात विरघळवा किंवा दोन पेल्यांत, साखर तेवढीच राहते. एका घोटाची गोडी मात्र बदलते. त्यामुळे ‘मला अर्धा मिलिलिटर दिले’ एवढ्यावरून डोस कळत नाही.

दुसरा घोटाळा ब्रँडचा. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा नेहमीचा डोस २० युनिट, डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचा ५०. ही युनिटे एकमेकांत बदलता येत नाहीत. मैत्रिणीचा आकडा आपल्याला लागू पडेलच असे नाही.

औषध महाग, म्हणून उरलेली कुपी दोघींत वाटून घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण बोटॉक्सच्या माहितीपत्रकानुसार एक कुपी एकाच रुग्णासाठी असते, तीही विरघळवल्यापासून २४ तासांत वापरायची. तिच्यात परिरक्षक (जंतूंची वाढ रोखणारा घटक) नसतो. सिरिंज तीच ठेवून नुसती सुई बदलूनही भागत नाही. सिरिंजमध्ये मागे आलेले, डोळ्यांना न दिसणारे रक्त हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीचे विषाणू पुढच्या व्यक्तीपर्यंत नेऊ शकते.

इंजेक्शननंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. असा त्रास काही तासांनी सुरू होतो, तसा काही आठवड्यांनीही.