वऱ्हाडचे पिनकोड, गणिताच्या वहीत

पत्ता लिहिताना शेवटचे सहा आकडे हात आपोआप उमटवतो. अकोला ४४४००१, अमरावती ४४४६०१. हेच आकडे जरा वहीत मांडून बघा, केवढी गंमत निघते!

जन्म स्वातंत्र्यदिनाचा
पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवीसुद्धा. त्यांच्या रचनेत पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे.

अकोला अविभाज्य
४४४००१ ही चक्क मूळ संख्या! ६६७ चा वर्ग तिच्या पुढे जातो, म्हणून ६६६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. त्या १२१ आहेत. एकीनंही नि:शेष भाग जात नाही.

दोन वर्गांचं घर
४ नं भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि तीही एकाच रीतीनं. अकोल्याची मांडणी अशी: ३३५ चा वर्ग ११२२२५, ५७६ चा वर्ग ३३१७७६, बेरीज बरोब्बर ४४४००१. त्यातही ५७६ हा स्वतःच २४ चा वर्ग!

अमरावतीची जोडी
४४४६०१ म्हणजे १७ गुणिले २६१५३. दोन्ही मूळ संख्या, तिसरा अवयव नाही.

तेल्हारा आणि वरूड: हर्षद गावं
आकड्यांच्या बेरजेनं जिला भाग जातो ती हर्षद संख्या. हे नाव दिलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. तेल्हारा ४४४१०८: बेरीज २१, भागाकार २११४८. संत्र्यांचं वरूड ४४४९०६: बेरीज २७, भागाकार १६४७८. दोन्ही ठिकाणी बाकी शून्य!

दोन्ही शहरं एकाच रिंगणात
आकडे उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. चार आकड्यांवर हे करून कापरेकरांनी ६१७४ हा जगप्रसिद्ध स्थिरांक शोधला. आता सहा आकडे घेऊ.

अकोला: ४४४१०० − ००१४४४ = ४४२६५६. पुढे ६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६.

अमरावती: ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि चौथ्या वजाबाकीला तेच ४२०८७६!

पुढचा प्रवास दोघींचा एकच: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि फिरून ४२०८७६.

आता तुमची पाळी
सगळे आकडे सारखे नसतील, तर सहा आकडी संख्येला मुक्काम तीनच: ५४९९४५, ६३१७६४ किंवा हे सात संख्यांचं रिंगण. मधे पाचच आकडे उरले, तर पुढे शून्य धरा. कापरेकरांनी आयुष्यभर कागद-पेन्सिलीवर संख्यांशी दोस्ती केली; आपल्यालाही तेवढंच लागतं. तुमच्या गावाचा पिनकोड कुठे मुक्काम करतो, घरातल्या पोरांना घेऊन आज संध्याकाळीच काढा!