१७ सप्टेंबर : तीन जयंत्या, एक मुक्तिदिन आणि एकच प्रश्न

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. तमिळनाडूत पेरियार जयंती ‘सामाजिक न्याय दिन’ म्हणून पाळली जाते. बौद्ध जगतात अनागारिक धम्मपालांना अभिवादन केले जाते, तर महाराष्ट्रात प्रबोधनकार ठाकरे यांचीही जयंती असते. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र ही चारही निमित्ते चार वेगळ्या बॅनरवर येतात आणि १८ तारखेला विसरली जातात.

तारीख एकच असणे हा निव्वळ योगायोग आहे. त्यात दैवी संकेत शोधणे बुद्धविचारात बसत नाही आणि पेरियार व प्रबोधनकारांनी तर अशा शोधाची खिल्लीच उडवली असती. तरीही ही निमित्ते शेजारी ठेवून पाहिली की एक समान प्रश्न दिसतो : जी जागा सर्वांची म्हणवली जाते, तिचा कारभार कोणाच्या हाती?

अनागारिक धम्मपाल (जन्म १८६४, कोलंबो)

डॉन डेव्हिड हेवावितरणे हे त्यांचे मूळ नाव. जानेवारी १८९१ मध्ये ते बोधगयेला आले तेव्हा महाबोधी विहार शैव महंतांच्या ताब्यात होते. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी कोलंबोत महाबोधी सोसायटी स्थापन केली. १८९५ मध्ये जपानहून आलेली बुद्धमूर्ती विहारात बसवताना महंतांच्या माणसांनी त्यांना अडवले. प्रकरण कोर्टात गेले. खालच्या कोर्टाचा निकाल धम्मपालांच्या बाजूने लागला, पण कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरवला. २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथ येथे त्यांचे निधन झाले, तोपर्यंत विहार बौद्धांकडे आले नव्हते.

त्यांच्या कामाचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावरील प्रसिद्ध लेख १९५० मध्ये सोसायटीच्या ‘महाबोधी’ मासिकात छापून आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षा सोहळ्याला सोसायटीचे सरचिटणीस देवप्रिय वलीसिंह हजर होते.

पेरियार ई. व्ही. रामसामी (जन्म १८७९, इरोड)

१९२४ साली त्रावणकोर संस्थानातील वैकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालण्याची बंदी होती. त्याविरुद्धच्या सत्याग्रहात पेरियार उतरले आणि दोनदा तुरुंगात गेले. पुढे त्यांनी काँग्रेस सोडली आणि स्वाभिमान चळवळ उभी केली. भटजीशिवाय, मंत्राशिवाय लागणारे स्वाभिमान विवाह ही या चळवळीची मोठी देणगी. तमिळनाडूने १९६७ च्या कायद्याने अशा विवाहांना मान्यता दिली.

बाबासाहेबांचा ‘जातिसंहार’ हा निबंध पेरियारांच्या ‘कुडी अरसू’ने तमिळ वाचकांपर्यंत नेला. १९५४ मध्ये रंगून येथील बौद्ध परिषदेच्या वेळी दोघांची भेटही झाली. देवळात शिरायला मिळाले एवढ्यावर पेरियारांचे समाधान नव्हते. गाभाऱ्यातील पूजेचा हक्क एकाच जातीकडे का, हा त्यांचा शेवटपर्यंतचा सवाल होता. २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने वेगवेगळ्या जातींतील प्रशिक्षित अर्चकांच्या नेमणुका केल्या, त्यामागे हीच मागणी होती.

प्रबोधनकार ठाकरे (जन्म १८८५, पनवेल)

केशव सीताराम ठाकरे यांनी १९२१ मध्ये ‘प्रबोधन’ पाक्षिक सुरू केले आणि भिक्षुकशाहीवर सडेतोड लेखणी चालवली. देवळे ही श्रद्धेइतकीच पैशाची आणि सत्तेची ठाणी कशी बनली, हे त्यांनी मराठी वाचकाला समजेल अशा रोखठोक भाषेत सांगितले. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात वर्गणी सर्वांची, पण पूजेचा हक्क मोजक्यांचा, यावरून वाद पेटला. अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क मिळावा या आग्रहात प्रबोधनकारांसोबत रावबहादूर बोले आणि बाबासाहेबही होते. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा अर्थ काय, याचा जाब त्या दिवशी भर मांडवात विचारला गेला.

मराठवाडा मुक्ती (१९४८)

१३ सप्टेंबरला सुरू झालेल्या लष्करी कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने माघार जाहीर केली. त्याच्या दहा महिने आधी, नोव्हेंबर १९४७ मध्येच बाबासाहेबांनी संस्थानातील अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका, असे बजावले होते. मुक्तीनंतरच्या दिवसांत निरपराध मुस्लिमांची मोठी हत्या झाली आणि सुंदरलाल समितीने ती नोंदवली, हेही इतिहासात आहे. मुक्तिदिन साजरा करताना ते झाकू नये.

राज्य बदलले, गावगाडा मात्र तोच राहिला. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मागास भागातील मुले तिथे शिकली. पण मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मंजूर होताच दलितांच्या वस्त्या पेटवण्यात आल्या. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. शिकायला जागा मिळाली होती, पण दारावर आपले नाव लोकांना सोसवत नव्हते.

आजचा प्रश्न

आता बोधगयेकडे परत येऊ. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असतो. हा अध्यक्ष हिंदूच असला पाहिजे ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, पण समितीची रचना तीच राहिली. दर्शनाला कोणी अडवत नाही, निर्णयात मात्र बौद्धांचे बहुमत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी तिथे उभारलेले आंदोलन याच मुद्द्यावर आहे. धम्मपाल १८९१ मध्ये जे मागत होते, त्याचा मुख्य भाग अजून मागावाच लागतो.

म्हणून तरुण मित्रांनो, यंदा १७ सप्टेंबरला बॅनर जरूर लावा, पण त्यासोबत विहारात तासभर बसून १९४९ चा कायदा कलमवार वाचा. तो लहान आहे, एका बैठकीत संपतो. आंदोलनात घोषणा देणारे पुष्कळ असतात. कलम माहीत असणारा कार्यकर्ता अधिकाऱ्यासमोर आणि पत्रकारासमोर ठाम उभा राहतो. मग हाच प्रश्न आपल्या विहार समितीलाही विचारा : कारभारात महिला किती, तरुण किती, हिशेब सर्वांसमोर ठेवला जातो का? बोधगयेत जो हक्क आपण मागतो, तो आपल्या विहारात आपल्याच माणसांना द्यायला हवा.

चारही स्मृतींना विनम्र अभिवादन. जयभीम, नमो बुद्धाय!